टिव्होलीतला शेवटचा नंबर

अल्बिना कोसार दोन गोष्टींवर कुणाला चकार शब्द काढू देत नसे. एक, तिच्या हातचे अक्रोडाचे रोल. दोन, तिचा बाप. रोलांच्या बाबतीत कुणी तोंड उघडायच्या फंदात पडतही नसे, कारण सबंध कोल्टनव्हिलमध्ये तसे रोल दुसऱ्या कुणाला जमत नव्हते. बापाची गोष्ट जरा वेगळी होती. ऑन्द्रे हुदाक टिव्होली थिएटरच्या स्टेजवर खुर्चीवर खुर्ची रचायचा आणि सगळ्यात वरच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उलटा उभा राहायचा, हे गावातल्या चार-दोन म्हाताऱ्यांनाच अंधुक आठवत होतं. बाकीच्यांना माहीत होतं ते अल्बिनाने सांगितलं म्हणून. आणि तिने ते इतक्यांदा सांगितलं होतं की चर्चमध्ये नवा पाद्री बदलून आला की त्याला पहिल्याच रविवारी ते ऐकून घ्यावं लागे.

"माझा ताता शेवटी यायचा," ती म्हणायची. बापाला ती ताता म्हणायची, भट्ट्यांच्या गल्लीतली सगळी स्लोवाक पोरं म्हणायची तसंच. "जाहिरातीच्या कागदावर सगळ्यात खाली त्याचं नाव. त्याच्यानंतर कुणी नाही."

हे सांगताना तिची हनुवटी आपोआप वर जायची. शेवटी येतो तो सगळ्यात मोठा, हे काय वेगळं सांगायला हवं? चर्चच्या मिरवणुकीत बिशप शेवटी येतो. जेवणात गोड शेवटी येतं. ऐकणारा मान डोलवायचा, आणि डोलवली नाही तर अल्बिना त्याच्याकडे अशी बघायची की तो मुकाट्याने डोलवायचा.

टिव्होली बांधलं ते एझ्रा लूमिसने. या माणसाने कप-बश्यांच्या कारखान्यात मिळवलं आणि ते सगळं प्लास्टरच्या देवदूतांत घातलं. छताला निळं आकाश, त्यात दिव्यांच्या चांदण्या, बाल्कनीच्या कठड्यावर गुबगुबीत पोरं वेली धरून बसलेली. नदीकाठच्या एका चिखलट गावात हे असलं काही उभं राहिलं म्हटल्यावर लोक तिकीट काढून आधी छतच बघत बसायचे. तेव्हा स्टेजवर एकामागून एक खेळ चालायचे, गाणारे, नकला करणारे, जादूगार, शिकवलेली कुत्री, आणि सगळं संपल्यावर तोंडी लावायला एखादा छोटा मुका सिनेमा. मग सिनेमा मोठा होत गेला आणि खेळ लहान होत गेले. पडदा बोलायला लागला तेव्हा खेळवाल्यांना कुणी विचारेना. मंदीच्या वर्षांत इतर गावांतली थिएटरं गिऱ्हाइकांना तिकिटाबरोबर बशी फुकट द्यायची. कोल्टनव्हिलमध्ये बश्यांना कोण विचारतो, म्हणून टिव्होलीने मंगळवारी सोडत काढून जिवंत कोंबड्या वाटल्या. त्यातली एक सुटून बाल्कनीत गेली आणि चित्रपट संपेपर्यंत नायिकेच्या प्रत्येक वाक्याला साथ देत राहिली, असं सांगतात. पुढे घरोघरी टीव्ही आले, कारखाने एकेक करून विझले, टिव्होलीच्या दाराला साखळी लागली, आणि छताच्या आकाशातून खरोखरीचा पाऊस पडायला लागला.

नगरपालिकेने तिथे मोटारी उभ्या करायची जागा करायचं ठरवलं. पाडायची गाडी आली त्या सकाळी अल्बिना घडीची खुर्ची, कॉफीचा थर्मास आणि विणकाम घेऊन दारात बसली. ड्रायव्हर म्हणाला, बाई, उठा. ती म्हणाली, "माझ्या बापाचं थिएटर आहे. टाके मोजतेय, मधे बोलू नकोस." ड्रायव्हर लहानपणी शाळेच्या खानावळीत तिच्या हातचं जेवलेला होता. त्याने गाडी बंद केली.

तिथून पुढे समिती निघाली. समितीत दातांचे डॉक्टर आले, बँकवाले आले, आणि अल्बिनाचे रोल आले. प्रत्येक सणाला ते चर्चच्या तळघरात विकले जायचे आणि आकाशाचा एकेक तुकडा परत निळा व्हायचा. सतरा वर्षं हे चाललं. कबुतरं गेली, देवदूतांची नाकं परत आली, आणि १९९५ च्या ऑक्टोबरात टिव्होली उघडायचं नक्की झालं.

समितीचा अध्यक्ष ड्वाइट पर्सेल, दातांचा डॉक्टर, मोठ्या मनाचा माणूस. त्याने एक दिवस अल्बिनाला स्टेजच्या बाजूच्या खोलीपाशी नेलं. पहिल्या नंबरची खोली. स्टेजपासून दोन पावलांवर, आत स्वतःचं बेसिन, आरशाभोवती दिवे. मोठ्या कलावंताची खोली ती. दारावर पितळेची पाटी होती: ऑन्द्रे हुदाक. शेवटचा खेळ यांचा.

"उद्घाटनाच्या दिवशी तुम्हीच बोलायचं, मिसेस कोसार," ड्वाइट म्हणाला. "आणि तुमचा नंबर शेवटचा. उगाच नाही, घराणंच आहे तुमचं."

अल्बिनाने पाटीवरून बाही फिरवली, आधीच चकचकीत होती ती आणखी पुसली, आणि घरी जाऊन भाषण लिहायला बसली. सगळं जमलं. एकच गोष्ट अडली. टाळ्या. ताताचा खेळ संपल्यावर टाळ्या कशा पडायच्या, लोक काय ओरडायचे, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. ताता तर मितभाषीच. खेळ बंद पडल्यावर त्याने कारखान्यात कपांना कान चिकटवायचं काम धरलं आणि मरेपर्यंत तेच केलं. आई तिच्या लहानपणीच गेली. आता विचारायचं कुणाला?

मग तिला कळलं की मर्ल गँट्झ परत आलाय. मर्ल टिव्होलीत स्टेजसमोरच्या खड्ड्यात बसून पियानो वाजवायचा. पुढची सगळी वर्षं त्याने फ्लोरिडात काढली, आणि बायको वारल्यावर लेकीने त्याला गेल्याच महिन्यात इथल्या वृद्धाश्रमात आणून ठेवलं होतं. अल्बिना अर्धा रोल कागदात गुंडाळून त्याला भेटायला गेली.

मर्ल खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसून एकटाच पत्ते लावत होता. सत्त्याऐंशी वर्षांचा, हाडं-कातडं, पण बोटं अजून लांबसडक.

"हुदाकची पोरगी?" तो म्हणाला. "तो खुर्च्यावाला?"

"हो, तोच." हनुवटी वर.

"चांगला माणूस. इंग्रजीचं पार भजं करायचा. एकदा मॅनेजरला 'गुड नाइट' म्हणायचं तर 'गुड नेक' म्हणाला. आम्ही आठवडाभर एकमेकांना गुड नेक म्हणत होतो. तो रोल कापशील का बसून राहणारेस?"

अल्बिनाने रोल कापला. तो एक तुकडा खाईस्तोवर ती कशीबशी थांबली.

"मला एवढंच सांगा, मिस्टर गँट्झ. त्याचा खेळ झाला की लोक काय करायचे? उभे राहायचे का?"

"उभे?" मर्लला हसता हसता खोकला आला. "उभे तर ते त्याचा खेळ सुरू झाला की राहायचे, पोरी. टोप्या शोधायला."

अल्बिनाला वाटलं, म्हाताऱ्याने नीट ऐकलं नाही. "तो शेवटी यायचा," ती जरा मोठ्याने म्हणाली. "सगळ्यात शेवटी."

"तेच सांगतोय. हजामतीचा नंबर."

"कसला?"

"हजामतीचा. आम्ही तेच म्हणायचो, सगळीकडे तेच म्हणायचे. स्टेजवरून काय दिसतं? लोकांच्या माना. जाणाऱ्यांच्या. कुणाचे केस कालच कापलेत, कुणाच्या न्हाव्याने दारू पिऊन कापलेत, सगळं दिसतं. तोंड तेवढं एक दिसत नाही." मर्लने पत्ता उलटला. "मोठा माणूस शेवटून दुसरा यायचा. गाणारी असेल, नकलाकार असेल, ज्याच्यासाठी तिकीट काढलं तो. तो गेला की लोक कोट चढवायला लागले. मग मागून असा कुणीतरी सोडायचा ज्याला तोंड उघडायचं नाही, म्हणजे गोंगाटात बिघडायला काही नको. कुत्रेवाले. सायकलवाले. तुझा बाप. लोक जेवढे लवकर बाहेर तेवढी पुढच्या खेळाची गर्दी लवकर आत. कुणी सांगितलं नाही तुला?"

"तुम्ही खोटं बोलताय."

"या वयात खोटं बोलायचं तर काय बोललो ते लक्षात ठेवावं लागतं. मला नाही झेपत."

अल्बिना समोरचा त्याचाच ग्लास उचलून पाणी प्यायली.

"म्हणजे कुणीच नाही बघायचं त्याला?"

मर्लने प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. त्याचा आवाज जरा खाली आला. "मी बघायचो. मला बघणं भागच होतं, तो वरच्या खुर्चीवर गेला की ड्रमवाल्याला खूण करायची असे. आणि एक झाडूवाली पोरगी होती, दाराशी उभी. तो खाली उतरल्याशिवाय तिला झाडायला मिळायचं नाही. त्याच्या नावाने बोटं मोडत उभी असायची."

"ती माझी आई."

"हो? मग बोटं मोडून मोडून थकली आणि लग्न केलं म्हणायचं," मर्ल म्हणाला आणि दुसऱ्या तुकड्याला हात घातला.

घरी येईपर्यंत अल्बिनाचा संताप संताप झाला होता. आधी मर्लवर, मग ताताच्या त्या मॅनेजरवर, जो केव्हाच मातीला मिळाला होता, आणि शेवटी खुद्द तातावरच. खोटं बोलला तो? की त्यालाही माहीत नव्हतं? स्वयंपाकघरात भिंतीवर जाहिरातीचा तो जुना कागद चौकटीत लावलेला होता. सगळ्यात वर खेळाच्या वेळा. मग नावं. खालून दुसरं नाव इतक्या ठसठशीत अक्षरांत की आंधळ्याला दिसावं, आणि त्याच्या खाली, बारीक, ताताचं. सत्तर वर्षांची होत आली होती ती, आणि रोज कॉफी पिताना तिने तो कागद बघितला होता. अक्षरं लहान का, असं एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. जागा पुरली नसेल, असंच ती धरून चालली होती.

मग तिला दुसरीतला तो दिवस आठवला. वर्गात बाईंनी प्रत्येकाला बाप काय करतो ते विचारलं होतं. इतर पोरांचे बाप भट्टीवर होते. तिचाही आता भट्टीवरच होता. पण ती उठून म्हणाली होती की माझा ताता टिव्होलीत सगळ्यात शेवटी यायचा. बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. संध्याकाळी तिने हे घरी सांगितलं तेव्हा ताता सूप पीत होता, हातावर पांढरी माती वाळलेली. आईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ताताने तिच्याकडे बघून मान हलवली, जराशीच. मग अल्बिनाकडे वळून तो हसला आणि त्याच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "हो. शेवटचा. अगदी शेवटचा."

ती त्याला विनय समजली होती.

खोटं तो बोललाच नव्हता. जे खरं होतं तेच त्याने दर वेळी सांगितलं, आणि लेकीचा फुललेला चेहरा बघून पुढचं गिळून टाकलं. अल्बिना टेबलाशी बसली आणि हमसून हमसून रडली. लाज वाटत होती. किती जणांना सांगितलं आपण! पाद्री, मास्तर, महापौर, पाडायच्या गाडीचा ड्रायव्हर. त्यातल्या एखाद्याला तरी ठाऊक असेल आणि तो घरी जाऊन बायकोबरोबर हसला असेल.

दुसऱ्या दिवशी ती ड्वाइटच्या दवाखान्यात गेली. तो कुणाच्या तरी दाढेत होता. नर्सने थांबायला सांगितलं. अल्बिना थांबणाऱ्यांतली नव्हती.

"ड्वाइट, ती पाटी काढ."

"मिसेस कोसार, जरा दोनच मिनिटं..."

"माझा बाप मोठा नव्हता. शेवटचा नंबर सगळ्यात फालतू असायचा. लोक उठून जायचे. मला कालच कळलं."

खुर्चीतल्या पेशंटने तोंड उघडंच ठेवून डोळे तिच्याकडे वळवले. ड्वाइटने हातमोजे काढले आणि तिला औषधांच्या खोलीत नेलं. सगळं ऐकून घेतलं. मग खोलीचं दार लोटून घेतलं.

"आणखी कुणाला माहितीये?"

"मर्ल गँट्झला."

"मग रविवारी मर्लच्या हातात माइक द्यायचा नाही, झालं. अहो, पाटी लागलीय, सगळ्या गावाने बघितलीय. कुणाचं काय बिघडतंय?" तो थोडा वाकून तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "हे बघा. तुम्ही त्या दिवशी दारात खुर्ची टाकून बसलात म्हणून ते थिएटर उभं आहे. आणि बसलात का, तर तुम्हाला वाटत होतं की तुमचा बाप तिथला राजा होता. ही चूक नसती तर आज तिथे मोटारी उभ्या असत्या. असली चूक मी तरी दुरुस्त करणार नाही. राहू द्या."

"राहू देऊ म्हणतोस?"

"राहू द्या."

अल्बिनाला ते पटलं. म्हणजे तिने पटवून घेतलं. लिहिलेलं भाषण तसंच ठेवायचं, टाळ्यांचं वाक्य जरा मोघम करायचं, आणि मूग गिळून बसायचं. ज्या पाटीसाठी एवढी वर्षं अक्रोड फोडले, पीठ मळलं, ती पाटी आपल्याच हाताने काढायची म्हणजे काय? ताता काही उठून विचारायला येणार नव्हता.

रविवारी दुपारी टिव्होली भरलं. बाल्कनीसुद्धा. लोक आत आले आणि पूर्वीसारखेच मान वर करून उभे राहिले. मागच्यांना आत सरकता येईना. मग दिवे मंद झाले, वरच्या चांदण्या लागल्या, आणि नुसता हुंकार उठला. अल्बिना पडद्याआडून बघत होती. तिला फार आनंद झाला, काहीही असलं तरी. ऑर्गनवर एक तरुण बाई जुनी गाणी वाजवून गेली. महापौर बोलले, लांब बोलले. मग पिट्सबर्गची गायिका आली, हिरव्या झगमगीत पोशाखात, आणि तिच्या गाण्यावर लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. लोक तिला सोडेनात. ती परत आली, आणखी एक गाणं म्हणाली, परत आली. आणि ती शेवटची आत गेली तेव्हा दोन गोष्टी एकदम झाल्या. बाहेरच्या दालनात समितीच्या बायकांनी केक कापला, कॉफीचा वास दारातून आत आला. आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की फुटबॉलची मॅच सुरू व्हायला थोडाच वेळ उरलाय.

"आणि आता," ड्वाइट माइकवर म्हणाला, "आपल्या सगळ्यांच्या लाडक्या मिसेस अल्बिना कोसार..."

थाडथाड खुर्च्या मिटायला लागल्या. नव्या स्प्रिंगच्या खुर्च्या, छान आवाज करत होत्या.

अल्बिना स्टेजच्या मधोमध आली, हातात कागद, आणि तिने समोर पाहिलं. माना. नुसत्या माना. महापौरांच्या डोक्यामागचा टकलाचा गोल. पाद्रीसाहेबांची गुलाबी, कालच कातरलेली मान. बँकवाल्याचे केस कॉलरवर आलेले. यांतल्या निम्म्यांना तिने शाळेच्या खानावळीत ओगराळ्याने बटाटे वाढले होते, समोरून प्रत्येकाचा चेहरा ओळखला असता. मागून ती त्यांना आज पहिल्यांदा बघत होती. कुणी दुष्ट नव्हतं. त्यांना कॉफी हवी होती आणि मॅच हवी होती.

ड्वाइटचा चेहरा पडला. "अहो, बसा ना! दोनच मिनिटं! मंडळी!"

काही जण ओशाळून थांबले. कुणी अर्धवट बसलं.

"ड्वाइट," अल्बिना म्हणाली, आणि माइक चालू होता त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं, "नको थांबवूस त्यांना. जाऊ दे."

तिने कागदाची घडी घातली. भाषण वाचलं असतं तर ते कुणी धड ऐकलंही नसतं, पाटी जागच्या जागी राहिली असती, आणि सगळं गोड झालं असतं. ते तिला पक्कं कळत होतं.

"माझा बाप इथे शेवटी यायचा," ती म्हणाली. "हे मी तुम्हाला फार वेळा सांगितलंय. त्याचा अर्थ मला या आठवड्यात कळला. शेवटी यायचं म्हणजे हे."

"मोठ्याने!" मधल्या वाटेवरून आवाज आला. मर्ल गँट्झची खुर्ची गर्दीत अडकली होती, आणि तो एकटा स्टेजकडे तोंड करून होता. "ऐकू येत नाही!"

"शेवटी यायचं म्हणजे हे!" अल्बिना ओरडली. "मोठा माणूस आधी येऊन गेलेला असायचा. माझा बाप आला की लोक टोप्या घालून निघायचे. तुम्ही निघालात तसेच. मी रागावलेली नाही, केक खा, अक्रोड मी स्वतः निवडलेत. पण मला एवढंच सांगायचंय. तो वर चढायचा. लोक दाराकडे जात असायचे आणि तो पहिल्या खुर्चीवर दुसरी ठेवायचा. कुणी बघत नव्हतं म्हणून त्याने कधी एक खुर्ची कमी केली नाही. दिवसातून दोनदा. त्याने मला कधी सांगितलं नाही की लोक जायचे, कारण मला ऐकून वाईट वाटलं असतं. मी त्याच्या टाळ्यांची बढाई मारत आयुष्य काढलं. त्या वाजल्याच नव्हत्या."

ती माइकच्या आणखी जवळ सरकली. आता थांबायचं तिच्या मनात नव्हतं.

"इथे बाजूच्या त्या पहिल्या खोलीवर त्याची पाटी आहे. ती खोली त्याची नाही. ती हिची," तिने पडद्याआड उभ्या असलेल्या हिरव्या पोशाखाकडे बोट केलं, "हिच्यासारख्यांची. पाटी काढा. झालं माझं."

तोपर्यंत निम्मं थिएटर रिकामं झालं होतं. कुणी एक हात कोटात घालून वाटेत उभं होतं, कुणी बसून राहिलं होतं, दार सारखं उघडत-मिटत होतं. टाळ्या पडल्या, विखुरलेल्या, कुठे कुठे. अल्बिनाने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने वाकून नमस्कार केला, बसलेल्यांना आणि जाणाऱ्यांनाही. ताताची तिला कधी वाटली नव्हती इतकी माया वाटत होती.

मर्ल ओरडला, "आता कुणीतरी मला मुतारीला नेईल का?"

सोमवारी सकाळी ड्वाइट स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. पाटी त्याने काढली आणि फडक्यात गुंडाळली. मर्लला विचारून घेतलं होतं, हुदाकची खोली सगळ्यात वर, स्टेजमागच्या लोखंडी जिन्याच्या टोकाला. ज्यांचं नाव बारीक त्यांना जिने जास्त, असा तेव्हाचा हिशेब. तिथवर समितीचा रंग पोचलाच नव्हता. अल्बिना कठडा धरून, प्रत्येक वळणावर थांबत, धापा टाकत वर गेली. "आधी एवढं चढायचं आणि मग खाली जाऊन परत खुर्च्या चढायच्या," ती स्वतःशीच पुटपुटली. "येडा होता माझा बाप."

खोलीत बादल्या आणि फरशी पुसायचे झाडू ठेवलेले होते. आरसा नव्हता, आरशाचा खिळा होता. छोट्या खिडकीतून नदी दिसत होती आणि बंद कारखान्याची धुराडी. अल्बिना एका पालथ्या बादलीवर टेकली.

"पाटी नवी ओतून घेऊ या का?" ड्वाइट अवघडून म्हणाला. "मजकूर बदलावा लागेल ना आता."

अल्बिनाने पाटी हातात घेऊन वाचली. ऑन्द्रे हुदाक. शेवटचा खेळ यांचा.

"कशाला? बरोबर आहे की."

ड्वाइटने स्क्रू आवळले. मग मागे सरकून त्याने अंधाऱ्या जिन्याकडे पाहिलं, खाली पार तळापर्यंत.

"फक्त एक आहे, मिसेस कोसार," तो म्हणाला. "इतक्या वर येऊन ही बघणार कोण?"

"कुणी नाही," अल्बिना म्हणाली आणि उठायला त्याच्याकडे हात पुढे केला. "त्याला सवय आहे."